वाचले ते सांगावे

दोन माणसे भेटली की आपल्याकडे प्रथम विचारपूस होते ती प्रकृतीची. मग शेतीवाडी, मुलांची शिक्षणे, ठरलेली आणि न ठरलेली लग्ने, कोण परदेशी गेले आणि कोण परत आले, अशी बोलणी निघतात. 'सध्या काय वाचता?' हा प्रश्न त्या ओघात क्वचितच येतो. कुणी विचारलाच, तर विचारणाऱ्याकडे जरा नवलानेच पाहिले जाते. वाचन ही ज्याची त्याची खाजगी बाब, तिची चौकशी कशाला, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ख्रिस्तसभेचा इतिहास चाळू लागलो म्हणजे मात्र निराळेच चित्र दिसते. आज आपणांस ठाऊक असलेल्या कित्येक प्राचीन ग्रंथांची ओळख टिकली ती एवढ्याच कारणाने, की कुणी एकाने हा प्रश्न विचारला आणि दुसऱ्या कुणी त्याचे मनापासून उत्तर दिले.

मुळात, एकट्याने आणि मुकाट्याने वाचणे हीच वाचनाची खरी रीत, असे मानण्याचे कारण नाही. सहाव्या शतकात संत बेनेदिक्त यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ३८ व्या प्रकरणात भोजनाच्या वेळचे वाचन सांगितले आहे. बंधुवर्ग जेवत असताना एकाने मोठ्याने ग्रंथ वाचावा, त्याने रविवारी हे काम हाती घेऊन आठवडाभर चालवावे, आणि इतरांनी शांतपणे ऐकावे. ज्याच्या वाचनाने ऐकणाऱ्यांचे कल्याण होईल अशानेच ते करावे, असाही दंडक तेथे आहे. म्हणजे ग्रंथ एक आणि त्याचे धनी अनेक. ताटातील अन्न जसे सर्वांचे, तसेच कानी पडणारे शब्दही सर्वांचे.

त्याही आधीची, सन ३८६ मधील मिलान शहरातील एक हकीकत संत आगस्तीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या आठव्या खंडात नोंदवून ठेवली आहे. तेव्हा आगस्तीन आणि त्यांचे मित्र अलिपियस हे एकत्र राहत होते. सम्राटाच्या दरबारी मोठ्या हुद्द्यावर असलेला पोंतिशियानस नावाचा त्यांचा एक देशबांधव भेटीस आला. समोरच्या मेजावर एक पुस्तक पडले होते. त्याने ते सहज उचलून पाहिले, तर ती संत पौलाची पत्रे निघाली. वक्तृत्वशास्त्राच्या या प्राध्यापकाच्या घरी असले पुस्तक असेल, ही त्याची अपेक्षा नव्हती. त्याला आनंद झाला आणि बोलणे सुरू झाले. मग त्याने मिसर देशातील संत अंतोनी यांची कथा सांगितली. ट्रिअर शहरात आपल्या दोन सोबत्यांना एका झोपडीत अंतोनींचे चरित्र हाती लागले, एकाने ते वाचावयास घेतले आणि त्या वाचनाने दोघांनीही राजसेवा सोडून देवसेवा पत्करली, हेही त्याने सांगितले. आगस्तीन यांचे हृदय त्या कथनाने ढवळून निघाले. बागेतील तो सुप्रसिद्ध प्रसंग त्याच दिवशी घडला.

ही साखळी आपण लक्षपूर्वक पाहावी. संत अथनासियस यांनी अंतोनींचे चरित्र लिहिले, ते ट्रिअरमधील दोघांनी वाचले, त्या दोघांविषयी पोंतिशियानसने सांगितले आणि आगस्तीन यांनी ऐकले. यांतील एक कडी तुटली असती तर? पोंतिशियानस मेजावरील पुस्तक पाहून न पाहिल्यासारखे करता, तर? आलेल्या पाहुण्याने पुस्तकाबद्दल चौकशी करणे यात किती सामर्थ्य असू शकते, हे आपणांस येथे कळते.

परंतु वाचलेले दुसऱ्यास सांगणे हेच ज्या ग्रंथाचे सर्वस्व आहे, असा ग्रंथ ९ व्या शतकात कॉन्स्टँटिनोपल नगरीत, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, निर्माण झाला. त्याचे लेखक फोटियस. हे पुढे त्या नगरीच्या धर्मपीठाचे पेत्रिआर्क झाले. त्यांचे बंधू तारासियस. फोटियस यांची अरबांच्या दरबारी जाणाऱ्या शिष्टमंडळात नेमणूक झाली होती. वाट दूरची आणि धोक्याची. अशा वेळी भावाने भावाकडे काय मागावे? तारासियस यांनी मागणी केली ती अशी, की ज्या ग्रंथांच्या वाचनास आपण हजर नव्हतो, त्या ग्रंथांत काय आहे ते आपल्यासाठी लिहून द्यावे. फोटियस आणि त्यांच्याभोवतीची मंडळी एकत्र बसून ग्रंथ वाचीत आणि त्यांवर चर्चा करीत, असे काही अभ्यासक या मजकुरावरून मानतात. ते कसेही असो, भावाची विनंती फोटियस यांनी मानली. त्यातून जो ग्रंथ सिद्ध झाला, तो पुढे 'बिब्लिओथेका', म्हणजे 'ग्रंथालय', या नावाने ओळखला जाऊ लागला.

आज छापल्या जाणाऱ्या प्रतीत त्याची २८० प्रकरणे आहेत. काही प्रकरणे दोन-चार ओळींची, तर काही कित्येक पाने चालणारी. बहुतेक प्रकरणांच्या आरंभी अमुक ग्रंथ वाचला, अशी साधी नोंद असते. मग ग्रंथकार कोण, ग्रंथात काय आहे, त्याची भाषा सरळ आहे की बोजड, विचार पटण्यासारखे आहेत की नाहीत, हे ओघाने येते. कालक्रम नाही, विषयवारीही नाही. जसजसे आठवले तसतसे लिहिले, असे लेखकाने आरंभीच सांगून टाकले आहे. इतिहास, धर्मशास्त्र, वैद्यक, वक्तृत्व, संतचरित्रे, इतकेच नव्हे तर प्रेमकथादेखील त्यात शेजारी शेजारी नांदतात.

या लेखनाचे मोल त्या दोघा भावांना तरी ठाऊक असेल काय? नसावे. फोटियस यांनी ज्या ग्रंथांविषयी लिहिले, त्यांतील पुष्कळसे पुढे काळाच्या उदरात गडप झाले. मूळ पोथ्या आगीत, लढायांत, दुर्लक्षात नाहीशा झाल्या आणि उरली ती फोटियस यांची सांगी. आपल्या देशाशी निगडित असलेले एकच उदाहरण देतो. क्तेसियस नावाचा एक ग्रीक वैद्य ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमारास पर्शियाचा सम्राट दुसरा अर्तहशश्त याच्या पदरी होता. एज्रा आणि नहेम्या यांच्या पुस्तकांतून अर्तहशश्त हे राजनाम आपल्या परिचयाचे आहेच. या वैद्याने भारताविषयी एक ग्रंथ लिहिला. तो स्वतः इकडे आला नव्हता. दरबारात जे कानी आले ते त्याने लिहिले. त्यात सिंधू नदी आहे, हत्ती आहेत, माणसासारखा बोलणारा पोपट आहे, तशीच कुत्र्याच्या डोक्याची माणसेही आहेत! ग्रीकांनी केवळ भारतावर लिहिलेल्या ग्रंथांत हा अगदी आरंभीचा. मूळ ग्रंथ आज नाही. त्याची जी ओळख जगास आहे ती मुख्यत्वे फोटियस यांनी केलेल्या सारांशामुळे. आपल्या भूमीविषयी दूरच्या लोकांना एके काळी काय वाटत होते, हे आपणांस कळले, कारण एका माणसाने आपल्या भावाला वाचले ते सांगितले.

फोटियस यांचा आणखी एक गुण आम्हांस फार मोलाचा वाटतो. मत पटले नाही म्हणून पुस्तकच दडवावे, असे त्यांनी केले नाही. फिलोस्तोर्जियस हा एरियसच्या पाखंडाचा कैवारी इतिहासकार. त्याची शिकवण फोटियस यांना मुळीच मान्य नव्हती आणि तसे त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहिले. तथापि त्याच्या इतिहासाचा विस्तृत सारांशही त्यांनी वेगळा करून ठेवला, आणि तो इतिहास आज प्रामुख्याने त्या सारांशातूनच आपणांस ठाऊक आहे. एखाद्या ग्रंथाचा विचार चुकीचा असला तरी त्याची भाषा सुंदर असेल, तर तसे म्हणण्यास त्यांची लेखणी कचरत नसे. नाकारणे आणि नाकबूल करणे यांतील भेद त्यांनी ओळखला होता.

येथे आम्हां कॅथलिकांना थोडे थांबावे लागेल. कारण फोटियस हे नाव आपल्या जुन्या इतिहासग्रंथांत आदराने घेतले जात नसे. ते सामान्य प्रापंचिक होते, सरकारी अधिकारी होते. सन ८५८ मध्ये काही दिवसांतच त्यांना सर्व धर्मपदांच्या पायऱ्या चढवून पेत्रिआर्कपदी बसविण्यात आले. पोप पहिले निकोलस यांनी ही नेमणूक मानली नाही. ८६७ मध्ये फोटियस पदच्युत झाले, ८६९-७० च्या धर्मपरिषदेने त्यांना दोषी ठरविले, ८७७ मध्ये ते पुन्हा त्या पीठावर आले आणि ८८६ मध्ये पुन्हा दूर झाले. पूर्व आणि पश्चिम यांच्या फाटाफुटीचे जनक म्हणून पश्चिमेकडे शतकानुशतके त्यांच्याकडे बोट दाखविले गेले. पुढे फ्रान्सिस द्वोर्निक या चेक कॅथलिक धर्मगुरूंनी मूळ कागदपत्रे नव्याने वाचली आणि १९४८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ८७९-८० च्या परिषदेत पोप आठवे योहान यांच्या प्रतिनिधींसमक्ष समेट झाला होता आणि त्यानंतर रोमने फोटियस यांच्याशी पुन्हा संबंध तोडले ही जुनी कथा निराधार आहे, असे त्यांनी दाखवून दिले. एका पिढीने दुसरीस सांगितलेले जसे तारते, तसे कधी भरकटवतेही. त्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे पुन्हा वाचणे आणि प्रामाणिकपणे सांगणे.

फोटियस यांच्या ग्रंथाचा पुढील प्रवासही बोलका आहे. त्याची १० व्या शतकातील एक हस्तलिखित प्रत कार्डिनल बेसारियन यांच्या संग्रहात होती. हे जन्माने ग्रीक. फ्लॉरेन्सच्या परिषदेत दोन्ही ख्रिस्तसभांच्या ऐक्यासाठी झटलेले. १४६८ साली त्यांनी आपला ग्रंथसंग्रह व्हेनिस नगरास दान केला. १६०१ साली आउग्सबुर्ग येथे 'बिब्लिओथेका'चा मूळ ग्रीक पाठ प्रथम छापला गेला आणि १६०६ साली आंद्रेयास शॉट या येशूसंघीय धर्मगुरूंनी केलेले लॅटिन भाषांतर बाहेर पडले. ज्या फोटियस यांना रोमने एकदा दोषी ठरविले, त्यांची सांगी एका येशूसंघीयाने पश्चिमेच्या वाचकांपर्यंत नेली!

नेमक्या त्याच वर्षांत दुसरे एक येशूसंघीय धर्मगुरू आपल्या गोव्यात लेखन करीत होते. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे. १५७९ साली ते गोव्यात उतरले आणि त्यांच्या हयातीचा बराच मोठा भाग गोव्यातील साष्टी भागात गेला. त्यांच्या 'क्रिस्तपुराणा'च्या जन्माची कथा त्या ग्रंथाच्या पहिल्याच अवस्वरात येते, आणि तीही वाचनाच्या मागणीचीच आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एकाने धर्मशिक्षणाच्या वेळी विचारले, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी आम्हांस का देत नाही? पोर्तुगीज अमलाखाली जुन्या पोथ्या बाळगणे निषिद्ध ठरले होते. ही गोष्ट आज आपल्या मनास सल लावते, आणि लावावीच. पण त्या श्रोत्याचा प्रश्न किती थोर! घरात वाचावयास काही नाही, ही उणीव त्याला भासली आणि त्याने ती बोलून दाखविली. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सुमारे ११,००० ओव्यांचा तो मराठी ग्रंथराज.

१६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा तो रोमन लिपीत छापला गेला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली तर गोव्याच्या विसुरईने स्थानिक भाषा सोडून देण्याचे फर्मान काढले. तरीही पुराण मेले नाही. लोकांनी ते हाताने उतरून घेतले आणि गाऊन, वाचून एकमेकांस ऐकविले. त्या हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते छापले, तर १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. छापखान्याने जे राखले नाही ते वाचकांनी राखले.

वाचकहो, कॉन्स्टँटिनोपल आणि साष्टी यांत अंतर फार. परंतु दोहोंकडचा इतिहास एकच गोष्ट सांगतो. ग्रंथ कपाटात सुरक्षित राहतो, हा आपला भ्रम आहे. कपाटाला वाळवी लागते, पावसाचे पाणी लागते, आणि घरातील वाचणारे माणूस गेले की पुस्तके रद्दीच्या भावाने जातात. त्या माणसाने पन्नास वर्षे काय वाचले, कशाने त्याचे डोळे पाणावले, कोणते पान त्याला पटले नाही, हे कुणी विचारलेलेच नसते. पुस्तके दुसरी मिळू शकतील. ती सांगी पुन्हा मिळत नाही.

यासाठी विद्वत्तेची गरज नाही. फोटियस यांची रीत घराघरांत चालण्यासारखी आहे. पुस्तक कोणते, लिहिले कुणी, त्यात आहे काय, भाषा कशी, आणि आपणांस पटले किती, एवढ्या पाच गोष्टी कुणासही सांगता येतील. रोझरीनंतरची दहा मिनिटे त्यास पुरतात. शाळेतील मुलाने सांगावे आणि आजीने ऐकावे. मग आजीने सांगावे आणि मुलाने ऐकावे. दूरदेशी नोकरीस असलेल्या भावाबहिणींनी ख्यालीखुशालीसोबत वाचलेल्या पुस्तकाचीही खबर द्यावी. एक भाऊ दूर निघाला असताना दुसऱ्याने त्याच्याकडे हेच तर मागितले होते!

तेव्हा आम्ही आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांस एवढेच सुचवितो, की पुढल्या वेळी कुणाकडे पाहुणे म्हणून गेलात आणि मेजावर एखादे पुस्तक दिसले, तर ते उचलून पाहावे आणि यजमानास त्याविषयी विचारावे. आणि तोच प्रश्न उलट आपणांस आला, तर सांगण्याजोगे काही आपल्यापाशी असावे.