गाडी टिकते हो, कंपनी टिकते का?

‘कुठली गाडी जास्त टिकते?’ पुण्यात चहाच्या टपरीवर हा वाद कधी संपत नाही. मायलेज, इंजिन, रिसेल, सगळं निघतं. एक मुद्दा मात्र राहून जातो. इतिहास बघितला की तो कळतो.

आधी पद्मिनी, म्हणजे आपली ‘फियाट’. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. ती बिघडायची नाही असं नाही, चांगली बिघडायची! पण कुठल्याही नाक्यावरचा मेकॅनिक पाना घेऊन ती चालू करून द्यायचा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ ची. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली, तीसुद्धा २० वर्षांची मुदत संपली म्हणून.

मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. तीस वर्षं जवळपास तेच छोटं इंजिन. त्यामुळे पार्ट गावोगावी मिळायचे.

तिसरी आपल्या पिंपरीची. टेल्कोची इंडिका १९९८ च्या शेवटी आली. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. पण कंपनी पळून गेली नाही. दुरुस्त्या केल्या, २००१ मध्ये ‘व्ही-टू’ काढली आणि तीच पुढे घरोघरी, टॅक्सी स्टँडवर पोचली.

आता तळेगाव बघा. जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. स्पार्क, बीट या गाड्या तिथल्याच. २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली. २०२० च्या डिसेंबरात निर्यातीचं उत्पादनही बंद झालं. सर्व्हिस चालू ठेवू असं कंपनीने सांगितलं, पण गाडीचा भाव पडायचा तो पडलाच. इंजिन तेच, गाडी तीच, फक्त मागे उभं राहणारं कुणी दिसेना. आणि हजारभर कायम कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांचा हिशोब तर कुठल्याच रिव्ह्यूमध्ये येत नाही. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला.

म्हणजे गाडीचा भरवसा बॉनेटखाली अर्धाच असतो. उरलेला अर्धा पार्ट, मेकॅनिक आणि कंपनीच्या मुक्कामावर. नवीन ब्रँडच्या शोरूममध्ये ऑफर विचारताना एवढंही विचारा, ‘दहा वर्षांनी तुम्ही इथे असाल ना?’

आणि असं आमंत्रण देऊन कंपन्या आणणाऱ्या सरकारलाही हाच प्रश्न विचारायला हवा. जमीन, सवलती आपल्या. जाताना मात्र वाऱ्यावर कोण, तर गाडीवाला आणि कामगार.

तुमच्या दारातली सगळ्यात जुनी गाडी कोणती? नक्की सांगा.