१२. चालत्या गाडीतला रेडिओ केंद्र कसे बदलतो

साध्या वॉकीटॉकीत प्रत्येक गटाची वाहिनी ठरलेली असते. ट्रंक यंत्रणेत वाहिन्या सामायिक असतात. बोलण्यापुरती मोकळी वाहिनी संगणक नेमून देतो. मोठ्या प्रदेशासाठी अनेक केंद्रे एकमेकांना जोडतात, आणि प्रत्येक केंद्र नियंत्रण वाहिनीवर आपली ओळख व शेजारी केंद्रांची यादी सतत प्रसारित करते. समजा, अंकुशनगर (ता. अंबड, समर्थ सहकारी साखर कारखान्याचे ठिकाण) आणि जालना येथे अशी केंद्रे आहेत व एक रुग्णवाहिका अंकुशनगरहून जालन्याकडे निघाली आहे. मागचा संकेत ठरावीक पातळीखाली उतरला आणि पुढचा पुरेशा फरकाने सरस ठरला, की रेडिओ नव्या केंद्राकडे आपला क्रमांक आणि गट नोंदवतो. फरकाची ही अट नसती, तर सीमेवर तो सारखा केंद्रे बदलत राहिला असता. चालू बोलणे एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर नेण्याचा निर्णय मोबाइलमध्ये जाळे घेते. ‘टेट्रा’ (युरोपीय मानक, १९९५) व अमेरिकी ‘प्रोजेक्ट २५’ या ट्रंक रेडिओच्या मानकांत मात्र केंद्राची निवड मुख्यतः रेडिओच करतो. गटाचा आवाज सहसा त्या गटाचे रेडिओ नोंदलेल्या केंद्रांवरच जातो. म्हणून नोंदणी होईपर्यंतच्या क्षणांत एखादा शब्द हुकू शकतो. अपघात, आग वा पुराच्या वेळी महत्त्वाचा निरोप पुन्हा सांगून पोच घ्यावी, ती याचसाठी.