२० मार्च आठवतो, मग १७ मार्च का विसरतो?

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो. चवदार तळ्याची ओंजळ घेतो, घोषणा देतो, फोटो काढतो. जायलाच हवे. पण याच लढ्याची आणखी एक तारीख आहे आणि ती आपल्या कॅलेंडरवर नाही: १७ मार्च १९३७. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या दाव्याचा अंतिम निकाल दिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब पाणी प्यायले, पण तो हक्क कोर्टात शाबीत व्हायला दहा वर्षे लागली. या दहा वर्षांबद्दल आपण फारसे बोलत नाही. माझ्या मते आज वकिली करणाऱ्या किंवा कायदा शिकणाऱ्या आपल्या तरुणांसाठी खरा धडा याच दहा वर्षांत आहे.

आधी घटनाक्रम पाहू. १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, पण तळ्यावर पाऊल ठेवण्याची सोय नव्हती. तो हक्क बजावण्यासाठीच २० मार्च १९२७ चा सत्याग्रह झाला. त्यानंतर आपल्या माणसांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव फिरवला.

डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला. तेव्हा सनातन्यांनी लाठीऐवजी वकील पुढे केला. १२ डिसेंबर १९२७ ला त्यांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो लोक महाडात जमलेले असताना बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह स्थगित केला. काहींना तेव्हा ही माघार वाटली, आजही काहींना वाटते. पण मनाई हुकूम मोडला असता तर लढा सनातन्यांशी न राहता सरकारशी झाला असता आणि आपली माणसे आरोपीच्या पिंजऱ्यात गेली असती. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळणारा माणूस घाबरून थांबला असे म्हणणे हास्यास्पद आहे. कोणती लढाई रस्त्यावर लढायची आणि कोणती कोर्टात, हे बॅरिस्टर आंबेडकरांना नेमके ठाऊक होते. फेब्रुवारी १९२८ मध्ये तो मनाई हुकूम उठला. दावा मात्र चालूच राहिला: महाडचे कोर्ट, मग ठाण्याचे अपील, मग उच्च न्यायालय. तिन्ही ठिकाणी वादी हरले.

आता मुद्द्याची गोष्ट. वादींचे म्हणणे होते की तळे खाजगी स्वरूपाचे आहे आणि अनादी काळापासून फक्त सवर्णांनी ते वापरण्याची रूढी आहे. न्या. ब्रूमफिल्ड आणि न्या. वाडिया यांनी अस्पृश्यता अमानुष आहे म्हणून निकाल दिला नाही. तळे नगरपालिकेकडे निहित आहे आणि वादींना आपली रूढी अनादी असल्याचे सिद्ध करता आले नाही, या मुद्द्यावर दिला. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वीही ते त्यांच्यापुरतेच राखलेले होते असे गृहीत धरायला आधार नव्हता. रूढी सिद्ध झाली असती तर ती न्याय्य आहे का, सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, हा प्रश्न पुढे आला असता, असेही कोर्टाने म्हटले आणि हा मुद्दा खालच्या कोर्टात मांडलाच गेला नव्हता याचीही नोंद केली.

मित्रांनो, हे नीट समजून घ्या. नैतिकदृष्ट्या आपण शंभर टक्के बरोबर होतो, तरी निकाल पुराव्यावर लागला. आज आपल्याकडे संविधानाचे कलम १७ आहे, अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. पाणवठा, विहीर, नळ, स्मशान, रस्ता वापरण्यास अडवणे हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ३(१)(झेडए) खाली थेट गुन्हा आहे. म्हणजे महाडच्या सनातन्यांनी ज्याला 'हक्क' म्हटले, तोच आज गुन्हा ठरला आहे. पण पुरावा नसेल तर हा कायदाही कागदावरच राहतो.

म्हणून आपल्या वकिलांना आणि पीडितासोबत ठाण्यात जाणाऱ्या कार्यकर्त्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

फिर्यादीत 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढेच लिहू देऊ नका. नेमके शब्द, जागा, वेळ, कोण कोण ऐकत होते, सगळे लिहा. हितेश वर्मा खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी नसताना झालेला अपमान 'सार्वजनिक दृष्टिक्षेपात' धरला नाही. आरोपी ओळखीचा असेल तर ती ओळख नोंदवा. कलम ८(सी) प्रमाणे ओळख असेल तर त्याला जात माहीत होती असे कोर्ट गृहीत धरते आणि तसे नव्हते हे त्याने सिद्ध करायचे असते. पाणवठ्याची बाब असेल तर ती जागा कुणाच्या मालकीची, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरातून आधीच काढून ठेवा. महाडच्या खटल्यातही मालकीचा मुद्दा निर्णायक ठरला होता.

तपास नियम ७ प्रमाणे पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच आहे ना, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे कलम १८ए सांगते आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आहे. जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळणे आणि तिथे आपले म्हणणे मांडणे हा पीडिताचा कलम १५ए खालचा हक्क आहे. हरिराम भांभी खटल्यात (२०२१) तो बंधनकारक ठरला. सरकारी वकिलावर विश्वास नसेल तर नियम ४(५) खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे विशेष वकिलाची मागणी करता येते. मोबाईलमधला व्हिडिओ असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडा. आणि प्रत्येक मुद्दा पहिल्याच कोर्टात मांडा, अपिलात सुचेल म्हणून ठेवू नका.

कुणी म्हणेल, गुन्हेगार सुटतात ते व्यवस्था जातीयवादी आहे म्हणून, तुम्ही वकिलांना का शिकवता? व्यवस्था जातीयवादी आहेच. १९२७ मध्ये ती कमी जातीयवादी होती का? तरीही बाबासाहेबांनी कोर्टाची पायरी सोडली नाही. उलट समोरच्याच्या दाव्यातली फट शोधून तो पाडला. आपली बाजू न्यायाची आहे म्हणून कागद कच्चा चालेल, ही समजूत पीडिताला महागात पडते.

येत्या १७ मार्चला आपापल्या तालुक्यात एक काम करा. वकील, कायद्याचे विद्यार्थी आणि कार्यकर्ते एकत्र बसा. चालू असलेल्या एका खटल्याची फाईल उघडा आणि वरच्या मुद्द्यांवर तपासा. मग तीन दिवसांनी महाडला जाऊ.

जय भीम.