न दिलेला शब्द

पॅरिस शहरात आव्हेन्यू फॉश नावाचा रुंद, वृक्षाच्छादित रस्ता आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथील ८४ क्रमांकाची इमारत जर्मन सुरक्षा पोलिसांच्या ताब्यात होती आणि तिच्या वरच्या मजल्यावर पकडलेल्या हेरांना डांबून ठेवले जाई. २५ नोव्हेंबर १९४३ च्या रात्री तीन कैदी झरोक्यांचे गज सैल करून छतावर आले. कॅप्टन जॉन स्टार आणि कर्नल लेऑं फाय हे दोघे पुरुष, तिसरी एकोणतीस वर्षांची स्त्री. नेमका त्याच वेळी हवाई हल्ल्याचा भोंगा झाला, पहारेकऱ्यांनी कोठड्या तपासल्या आणि तिघेही पुन्हा हाती सापडले. पुन्हा पळण्याचा प्रयत्न करणार नाही असा शब्द द्या, असे जर्मन अधिकारी हान्स कीफर याने त्यांना बजावले. स्टार यांनी शब्द दिला. फाय यांनी आणि त्या स्त्रीने तो नाकारला.

शत्रूला खोटा शब्द द्यायला काय हरकत होती, असे वाचकांपैकी अनेकांच्या मनात येईल. हा प्रश्न काही नवा नाही. सेमिनरीत आमचे नीतिशास्त्राचे प्राध्यापक त्यावर तास घालवीत आणि तास संपला तरी प्रश्न उरे. परंतु ज्या स्त्रीने शब्द नाकारला तिचे पूर्वायुष्य पाहिले म्हणजे या नकाराचे मोल कळते.

तिचे नाव नूर इनायत खान. जन्म १ जानेवारी १९१४ चा, मॉस्को येथे. वडील हजरत इनायत खान हे मूळचे बडोद्याचे, संगीतकार व सूफी उपदेशक. आई ओरा रे बेकर ही अमेरिकन. नूरचे पणजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली होती. मराठी राज्यात वाढलेल्या या घराण्याची मुलगी मात्र लहानाची मोठी झाली ती पॅरिसजवळच्या सुरेन गावी. ती वीणा वाजवी, मुलांसाठी गोष्टी लिही. तिने इंग्रजीत सांगितलेल्या वीस जातककथांचे पुस्तक १९३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. अहिंसा आणि सत्य हे त्या घरात नुसते उपदेशाचे विषय नव्हते.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स कोसळला आणि हे कुटुंब इंग्लंडला आले. आपण कोणाचा जीव घेणार नाही, पण इतरांनी आपल्यासाठी मरावे आणि आपण बाजूला उभे राहावे हेही बरे नव्हे, असे नूर व तिचा भाऊ विलायत यांनी ठरविले. तो नौदलात गेला. तिने १९ नोव्हेंबर १९४० रोजी महिलांच्या साहाय्यक हवाई दलात नाव घातले आणि बिनतारी संदेशाचे काम शिकून घेतले. १९४२ साली बढतीच्या मुलाखतीत हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याविषयी विचारले असता, युद्ध संपल्यावर आपण आपल्या देशाच्या बाजूने उभ्या राहू, असे तिने त्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना तोंडावर सांगितले.

अशा मुलीला पुढच्या वर्षी गुप्त संघटनेत घेण्यात आले. दुतोंडी वागावे लागेल असे काही करणे आपल्याला आवडणार नाही, ही तिची कबुली प्रशिक्षकांनी अहवालात नोंदविली आहे. एकाने तर ती या कामास अयोग्य असल्याचेच मत दिले. वरिष्ठांनी ते बाजूला सारले, कारण फ्रेंच उत्तम येणारे बिनतारी चालक मिळत नव्हते. १६ जून १९४३ च्या रात्री लहान लायसँडर विमानाने ती फ्रान्समध्ये उतरली. नाव झां-मारी रेनिये, धंदा मुले सांभाळण्याचा, दोन्ही खोटे. अवघ्या आठवड्याभरात तिच्या गटाचा प्रमुख फ्रान्सिस सटिल पकडला गेला आणि त्यापाठोपाठ धरपकडीचे सत्र सुरू झाले. लंडनने तिला परत बोलाविले. आपण गेलो तर पॅरिसशी संपर्क तुटेल, असे सांगून ती राहिली. बिनतारी चालकाचे आयुष्य सहा आठवड्यांचे, असे तेव्हा म्हणत. ती यंत्राची पेटी घेऊन, घरे बदलीत, जवळजवळ चार महिने टिकली. ऑक्टोबरच्या मध्यास कोणीतरी पैशासाठी तिला पकडून दिले.

येथे एक कटू गोष्टही लिहिली पाहिजे. स्मरणलेखांत ती बहुधा गाळली जाते. नूरने आपले सर्व संदेश एका वहीत उतरवून ठेवले होते आणि ती वही जर्मनांना सापडली. संदेशांच्या ‘फायलिंग’बाबत फार दक्ष राहा, अशी तिला सूचना होती. तेथे त्या शब्दाचा अर्थ संदेश पाठविणे असा होता. तिने तो जपून ठेवणे असा घेतला असावा, असे एका इतिहासकाराने म्हटले आहे. काही असो, त्या वहीच्या आधारे जर्मनांनी तिच्याच नावाने लंडनशी संदेशांची देवघेव चालविली. लंडनला संशय यायला हवा होता, तो वेळेवर आला नाही. २९ फेब्रुवारी १९४४ रोजी हवाई छत्रीने उतरलेले तीन हस्तक थेट जर्मनांच्या हाती पडले. त्यांत मादलेन दामेरमां ही श्रद्धाळू कॅथलिक तरुणी होती. आमच्या मते यात नूरपेक्षा लंडनच्या कचेरीचा दोष मोठा. दक्ष माणसे तेथे बसलेली असायला हवी होती. परंतु वही नूरची होती, हे पुसता येत नाही.

स्वतः नूरने मात्र काही सांगितले नाही. तिच्याकडून आपल्याला काहीही मिळाले नाही, अशी साक्ष युद्धानंतर कीफरनेच दिली. खोटे नाव वापरणे हा तिच्या कामाचा भाग होता आणि तो तिने निभावला. परंतु दिलेला शब्द ही तिच्या लेखी वेगळी गोष्ट होती, असे आम्हांस वाटते. पळून जाणे हे सैनिकाचे कर्तव्य. ते सोडीन असे वचन खरेपणाने देता येत नव्हते आणि मोडण्यासाठी वचन देणे तिला जमणारे नव्हते. त्या नकाराची किंमत लगेच वसूल झाली. दोनच दिवसांत तिची रवानगी जर्मनीतील फोर्झहाइमच्या तुरुंगात झाली. तेथे हातापायांत साखळ्या, एकांतवास, अपुरे अन्न, असे सुमारे दहा महिने गेले.

सप्टेंबर १९४४ मध्ये तिला डाखाऊ येथे नेले. या छळछावणीचे नाव आमच्या वाचकांना परिचित आहे. अडीच हजारांहून अधिक कॅथलिक धर्मगुरू तेथे बंदी होते आणि २०२२ साली संतपदास चढविलेले कार्मेलाइट फादर टायटस ब्रँडस्मा यांचा मृत्यूही तेथेच झाला. १३ सप्टेंबरच्या पहाटे चार स्त्रियांना तेथे गोळ्या घालण्यात आल्या : नूर, योलांद बीकमन, एलियान प्लूमन आणि मादलेन दामेरमां. ज्या यंत्राच्या संदेशांवर विसंबून मादलेन उतरली, ते नूरचे होते. शेवटच्या प्रवासात त्या दोघी एकत्र होत्या.

१९४६ साली फ्रान्सने नूरला क्रुआ द गेर्र दिले, १९४९ साली ब्रिटनने जॉर्ज क्रॉस. ती कोठे मरण पावली याचा उलगडा मात्र १९४७ पर्यंत झाला नव्हता. नात्झवायलर छावणीत तिचा अंत झाला असेच आधी धरून चालले होते. खरे कळण्यास एक जेवणाचे भांडे उपयोगी पडले. फोर्झहाइममध्ये कैद्यांची भांडी कोठडीकोठडीतून फिरत. नूर त्यांच्या बुडाशी अक्षरे कोरून दुसऱ्या फ्रेंच कैदी स्त्रियांशी बोले. तेथे तिने आपले नाव नोरा बेकर असे कोरले. नोरा बेकर म्हणजे आईच्या माहेरच्या आडनावावरून घेतलेले नाव. त्याखाली लंडनच्या घराचा पत्ता होता : ४, टॅव्हिटन स्ट्रीट. त्यांतील एक स्त्री जिवंत परतली आणि तिने ही हकिकत पत्राने कळविली. त्या घरावर ऑगस्ट २०२० मध्ये नूरच्या नावाचा निळा फलक बसविण्यात आला.