पादप्रक्षालन आणि दान

ढोकीनजीकचे तेर हे गोरोबा कुंभारांचे गाव. त्यांच्या वारकरी पंथात जात वा वय न पाहता परस्परांच्या पायी लागण्याची चाल आहे. एरवी आपल्याकडे पाय धुवावयाचे ते गुरूचे, अतिथीचे अथवा जावयाचे, म्हणजे मान्यांचे. येशूने मात्र मरणापूर्वीच्या रात्री, स्वतः गुरू असून, शिष्यांचे पाय धुतले. ते दासाचे काम, म्हणून पेत्राने प्रथम नकार दिला, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते.

त्याच्या स्मरणार्थ गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी वसई-गोमंतकातील चर्चमध्ये धर्मगुरू भाविकांचे पाय धुतात. २०१६ पासून रोमच्या आज्ञेने या विधीत स्त्रियांनाही स्थान मिळाले.

इंग्लंडचे राजेही पूर्वी या दिवशी गरिबांचे पाय धूत आणि अन्नवस्त्र देत. अठराव्या शतकात धुणे अजिबात बंद पडले. उरले ते दान. राजाच्या वयाइतके पुरुष व तितक्याच स्त्रिया बोलावून त्यांस चांदीची नाणी वाटतात. सेवकांच्या अंगावर पंचा अद्याप असतो. पाणी तेवढे नसते!

दानाची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही. तथापि दान उभ्याने देता येते. पाय धुण्यास वाकावेच लागते. मूळ आज्ञा वाकण्याची होती, हे विसरून कसे चालेल?