हात लावू नये

निवृत्त माणसाने काय करावे, याविषयी निवृत्त न झालेल्या माणसांची मते फार ठाम असतात. कुणी म्हणतो पहाटे फिरायला जा, कुणी म्हणतो ज्ञानेश्वरी वाचा, आणि शेजारचे नाना म्हणतात, "काहीही करा, पण सोसायटीच्या कमिटीत येऊ नका." यांपैकी शेवटचा सल्ला मी तेवढा पाळला आणि चाळीस वर्षांपूर्वीचा एक बंद पडलेला संगणक दुरुस्त करायला घेतला.

"बंद पडलाय ना? मग पडू दे की!" आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "इथे मिक्सर दोन महिने घरघर करतोय, तो दिसत नाही तुम्हाला."

मी इतिहासाचा दाखला दिला. (इतिहासाचा दाखला दिल्याने घरातले वाद मिटत नाहीत, पण लांबतात, आणि तेवढ्यात चहा होतो.) म्हटलं, "अगं, हा शौक जगभर आहे. इंग्लंडात हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात १९५१ साली एक गणकयंत्र सुरू झालं. अडीच टन वजन! पुढे ते मोडीत निघालं, धूळ खात पडलं. हौशी मंडळी तीन वर्षं खपली आणि २०१२ साली ब्लेचली पार्कच्या संग्रहालयात त्यांनी ते पुन्हा चालतं केलं."

"भरभर चालायचं का?"

इथे मला खोटे बोलता आले नाही. त्या यंत्राला एक गुणाकार करायला पाच ते दहा सेकंद लागत. एकदा हातात गणिताचे यंत्र घेऊन एक गणिती त्याच्याशी शर्यत लावून बसला. अर्धा तास दोघे बरोबरीने चालले. मग गणिती थकला. यंत्र चालूच राहिले.

"म्हणजे तुमच्यासारखंच," सौ. म्हणाल्या. "फरक एवढाच, की ते दमत नव्हतं."

माझे यंत्र मात्र अडीच टनांचे नव्हते. ते होते बीबीसी मायक्रो. सायीच्या रंगाची पेटी, काळ्या कळा आणि वर लाल कळांची एक ओळ, जणू जेवणाच्या ताटात डाव्या बाजूला वाढलेले लोणचे. त्याचा जन्म कसा झाला, ती हकिकत सांगितल्याशिवाय माझा गुन्हा नीट समजायचा नाही.

१९७८ साली बीबीसीने मायक्रोचिपवर एक माहितीपट दाखवला. ही टिकलीएवढी वस्तू आपल्या नोकऱ्या खाणार, या विचाराने इंग्रज माणूस हादरला. तेव्हा बीबीसीने ठरवले, की साऱ्या देशाला दूरदर्शनवरून संगणक शिकवायचा. शिकवायचा तर लोकांच्या हातात यंत्र हवे. केंब्रिजच्या एकॉर्न नावाच्या छोट्या कंपनीतल्या हर्मन हाउजरला १९८१ साली ही संधी दिसली; पण बीबीसीची माणसे आठवड्याभरात बघायला येणार आणि यंत्र तर कागदावरसुद्धा पुरते नाही! हाउजरने काय करावे? आपल्याकडे लग्ने जुळवणारे काका करतात तेच केले. स्टीव्ह फर्बरला सांगितले, "सोफी विल्सन म्हणते, आठवड्यात होईल." आणि सोफी विल्सनला सांगितले, "फर्बर म्हणतो, आठवड्यात होईल." मुलाकडची मंडळी तयार, मुलीकडची तयार, मग कार्य अडते कुठे? रात्रीचे दिवस करून त्यांनी यंत्र जोडले. पाहुणे यायच्या अवघे काही तास आधी, पहाटे ते चालू झाले.

हे यंत्र १२ हजारांपर्यंत खपेल असा अंदाज होता. खपली १५ लाखांहून अधिक! पण मला आकड्यांचे कौतुक नाही. कौतुक आहे ते त्यामागच्या वृत्तीचे. पेटी उघडायची तर कोणते स्क्रू काढायचे हे कळावे म्हणून त्यांच्याशेजारी चक्क 'फिक्स' अशी अक्षरे उमटवलेली. पेटी उलटी केली की खाली सॉकेटांची रांग. प्रिंटर लावा, डिस्क लावा, हवे तर दुसरा प्रोसेसर लावा. सोबत भलामोठा मार्गदर्शक ग्रंथ, त्यात सगळ्या आज्ञा उदाहरणांसह समजावलेल्या. थोडक्यात, ते यंत्र पदोपदी सांगत होते, 'मला हात लावा.'

आणि आता माझा गुन्हा.

१९८४ साली आपल्या सरकारने शाळांतून संगणकशिक्षणाची योजना काढली. 'क्लास' हे तिचे नाव. पहिल्या फेरीत देशातल्या २५० माध्यमिक शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी यंत्र निवडले गेले ते हेच, बीबीसी मायक्रो. त्या शाळांत आमची एक होती. मी विज्ञान शिकवत असे आणि घरचा रेडिओ एकदा उघडून पुन्हा बंद केला होता (दोन स्क्रू उरले होते, पण ते कुणाला माहीत नव्हते). एवढ्या भांडवलावर संगणककक्षाचा प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली.

त्या खोलीचे वैभव काय वर्णावे! मुख्याध्यापकांच्या डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता, तेव्हा या खोलीला वातानुकूलन होते. खाली सतरंजी. यंत्रांची पूजा झाली, नारळ फुटला, मॉनिटरला कुंकू लागले. चपला बाहेर. यंत्रांवर शिवून घेतलेले अभ्रे. आणि दारावर मी स्वतः सुवाच्य अक्षरांत लिहिलेली पाटी : 'संगणकास हात लावू नये.'

मुले साठ आणि यंत्रे दोन. तेव्हा मी कळा दाबायच्या आणि मुलांनी हाताची घडी घालून बघायचे, अशी पद्धत पडली. काठावर बसवून पोहायला शिकवण्याचा हा प्रकार; पण एकही मूल बुडाले नाही, म्हणून सगळे खूष होते. डेडस्टॉक रजिस्टरात यंत्रांची नोंद माझ्या सहीने होती. यंत्र बिघडले तर पगारातून कापतील, ही भीती मला रात्री झोपू देत नसे.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. त्यांच्या स्वागतासाठी मी आठवडाभर खपून सतराचा पाढा म्हणणारा प्रोग्रॅम टाइप करून ठेवला होता. गुच्छ देण्यासाठी नववीतला एक मुलगा उभा केला होता. साहेब निवृत्तीला आलेले, केस पांढरेशुभ्र. मी थरथरत्या बोटांनी कळ दाबायला गेलो आणि बोट पडले ते 'ब्रेक' या कळीवर. पडदा साफ! माझा आठवडा, सतराचा पाढा, सगळे गडप. खोलीत एवढी शांतता, की वातानुकूलनसुद्धा हळू चालल्यासारखे वाटले. आणि त्या शांततेत गुच्छवाला पोरगा स्पष्ट आवाजात म्हणाला, "सर, ओल्ड!" आणि त्याने यंत्राकडे हात पुढे केला.

साहेबांनी स्वतःच्या केसांवरून हात फिरवला. मी पोराच्या थोबाडीत मारली. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. मी साहेबांना म्हणालो, "यानेच कळ दाबली, साहेब." साहेबांनी मान हलवली. पोराला वर्षभर त्या खोलीत यायला बंदी झाली.

पुढे नवी यंत्रे आली. जुन्यांचे निर्लेखन झाले आणि त्यातले एक मी मोडीच्या भावात विकत घेतले. का घेतले, ते मलाही सांगता येत नव्हते. ते आमच्या माळ्यावर अभ्र्यासकट चढले आणि सुमारे तीस पावसाळे तिथेच राहिले. गेल्या वर्षी ते खाली काढले तेव्हा कळांवरची अक्षरे कोरी करकरीत होती. मला आधी अभिमान वाटला. मग लक्षात आले, की हा अभिमान वाटण्याजोगा प्रकार नव्हे.

प्लग लावला. बटण दाबले. दिवा लागला! दहा मिनिटे मी कृतार्थ मुद्रेने बसलो असेन, तोच आतून 'फट्ट' असा आवाज आला आणि पांढरा धूर निघाला. वास असा, की जळक्या माशाला राळेची धुरी दिली असावी. सौ. आधी कुकरकडे धावल्या. नाना पाण्याची बादली घेऊन आले. "नाना, पाणी नको!" मी ओरडलो. ते म्हणाले, "मग कमिटीला कळवू का?"

यंत्र उचलून मी बाजारपेठेतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला, पेटीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"सर?"

गुच्छ! चोपन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, पण गुच्छच.

"हे तेच का हो, सर?" त्याने विचारले आणि माझ्या उत्तराची वाट न बघता 'फिक्स'वाले स्क्रू काढायला घेतले. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाला, "सर, आता मात्र हात लावू नका. प्लग काढला तरी आत वीज साठून असते." मी हाताची घडी घालून बसलो. चाळीस वर्षांनी माझी पाळी आली होती.

त्याने जळका भाग दाखवला. विजेतली खरखर गाळायला पॉवर सप्लायमध्ये जे कपॅसिटर असतात, त्यांतला एक. धातूचा मुलामा दिलेला कागद, वर राळेसारखे आवरण. वर्षानुवर्षांनी आवरणाला बारीक चिरा पडतात, हवेतली ओल कागदात शिरते आणि वीज मिळताच तो तापून फुटतो. "जुन्या यंत्रांत हे हमखास होतं, सर. चालू करायच्या आधीच बदलायचे असतात. त्यातून तुमच्या माळ्यावरची ओल." म्हणजे वापरून झाले नाही ते नुकसान मी जपून केले होते!

कपॅसिटर बदलले, टीव्हीला वायर जोडली, बटण दाबले. "टूऽऽऽऽऽ" असा एकच सूर निघाला आणि थांबेचना. धड असेल तर हे यंत्र आधी एक खालचा सूर लावते आणि लगेच वरच्या पट्टीत 'पीप' करते. नुसता पहिलाच सूर लांबला, तर समजावे प्रकृती ठीक नाही. त्याने यंत्र बंद केले, सॉकेटात बसवलेल्या चिपांकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "वर्षानुवर्षं पडून राहिल्या की पाय गंजतात, पकड सुटते. अंगठ्याने एकेक दाबा, सर. जोरात. काही होत नाही." मी दाबल्या. माझ्या डेडस्टॉकमधल्या वस्तूला मी असा अंगठा प्रथमच लावत होतो.

"टूऽऽ-पीप!"

पडद्यावर पांढरी अक्षरे : 'बीबीसी कॉम्प्युटर ३२ के'. बत्तीस के! काउंटरवर दुरुस्तीला आलेल्या मोबाइलांतल्या एका फोटोलासुद्धा एवढी जागा पुरायची नाही. पण ते मोबाइल याचेच वंशज आहेत. १९८५ साली त्याच विल्सन आणि फर्बर यांनी एआरएम नावाचा नवा प्रोसेसर घडवला. २६ एप्रिलला तो पहिल्यांदा चालला, तो बीबीसी मायक्रोला जोडूनच. फर्बरने त्याचा वीजवापर मोजायला मीटर लावला, तर काटा शून्यावर. बघतो तो चिपला वीज जोडायचीच राहिलेली. आजूबाजूच्या तारांतून झिरपेल तेवढ्यावर ती चालत होती! या काटकसरीमुळेच आज जगातल्या जवळजवळ सगळ्या मोबाइलांत एआरएमच्या घराण्यातली चिप असते. म्हणजे ज्या मुलाला मी आजोबांना हात लावू दिला नव्हता, तो आता रोज त्यांच्या पणतवंडांना औषधपाणी करीत होता.

"सर, एक दाखवू?" तो म्हणाला. त्याने चार ओळींचा प्रोग्रॅम टाइप केला. पडद्यावर सतराचा पाढा उमटला. मग माझ्याकडे बघत त्याने सावकाश 'ब्रेक' दाबली. पडदा साफ. माझ्या पोटात तोच जुना गोळा आला. त्याने टाइप केले : ओल्ड. मग : लिस्ट. प्रोग्रॅमच्या चारही ओळी जशाच्या तशा परत आल्या!

"ब्रेकने प्रोग्रॅम पुसला जात नाही, सर. ओल्ड म्हटलं की परत येतो. त्या पुस्तकात होतं. शिपाईमामा खोली झाडायचे तेवढ्यात मी वाचायचो. इंग्रजी निम्मं कळायचं नाही, पण कमांड सगळ्या वहीत उतरवल्या होत्या."

मी बराच वेळ काही बोललो नाही. मग म्हटलं, "अरे, त्या दिवशी ती कळ मीच दाबली होती."

"माहीत आहे, सर," तो शांतपणे म्हणाला. "मी बघत होतो ना. बघण्याशिवाय आम्हाला त्या खोलीत दुसरं काम काय होतं?"

त्याने दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला, तेव्हा चहा मागवला आणि त्याचे पैसे मला देऊ दिले.

यंत्र आता आमच्या ओसरीवर असते, अभ्र्याशिवाय. परवा नानांचा नातू आला. पडद्यावरचा पाढा बघून दारातच थबकला आणि चपला काढू लागला.

म्हटलं, "राहू दे रे. ये तसाच."