मिसरूड फुटलेल्या नातवासाठी दाढीचा थोडा इतिहास



घरातल्या मुलाला मिसरूड फुटलं की आपण बायका काय करतो? "बाबांना विचार" म्हणतो आणि मोकळ्या होतो. पाढे, सामायिक, भाजी निवडणं, वह्यांना कव्हरं घालणं, सगळं आपण शिकवतो. दाढी मात्र पुरुषांचं खातं. आमच्या घरी या वर्षी ते खातं माझ्याकडे आलं. सोळा वर्षांच्या नातवाचे बाबा नोकरीसाठी मस्कतला, आणि आजोबांचा उजवा हात तीन वर्षांपासून कंपवाताने थरथरतो. नातवाने तीन पात्यांचं नवं रेझर वापरून पाहिलं, तर गालावरच्या पुळ्याच सोलून निघाल्या. मग त्याने आजोबांच्या कपाटातलं पितळेचं जुनं रेझर शोधून काढलं आणि म्हणाला, "आजी, मला याच्यावरच शिकायचंय."

सूनबाईला भीती उघड्या ब्लेडची. मला काळजी वेगळीच होती. रेझरच्या डबीत एक लाकडी मुठीचा ब्रशही होता, सासऱ्यांच्या वेळचा. त्याचे केस कोणाचे? या एका प्रश्नापायी मी बरंच वाचून काढलं. ते आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे, पुरुषाने रोज सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःची दाढी करायची, हा रिवाज आपल्याकडे फार जुना नाही. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, आताचं अहिल्यानगर. लहानपणी आमच्या ओसरीवर न्हावी यायचे, त्यांना आम्ही मुलं काका म्हणायचो. काखेत धोकटी. तिच्यात वस्तरा, कात्री, नखं काढायची नहरणी, चिमटा, छोटा आरसा, पाण्याची वाटी आणि वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा. आजोबा डोळे मिटून मान त्यांच्या हाती द्यायचे. पैसे रोजच्या रोज नव्हते. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक, सुगीला धान्याचं बलुतं त्याच्या घरी जायचं. वस्तरा चालवणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या होती, घरोघरी शिकवण्याची गोष्ट नव्हतीच.

पण या व्यवस्थेला काळी बाजूही होती. गावाने ज्यांना अस्पृश्य मानलं, त्यांच्या गालाला गावचा वस्तरा लागत नसे. आणि बाईच्या डोक्याला वस्तरा लागला, तर तो बहुतेक नवरा गेल्यावर. ब्राह्मण आणि इतर उच्चवर्णीय घरांतल्या विधवांचं केशवपन आपल्या पणज्यांच्या काळी सर्रास चालायचं. १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांचे केस यापुढे उतरवायचे नाहीत, असं ठरवलं. सत्यशोधक चळवळीतले, कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. घरातल्या शिकल्यासवरल्या पुरुषांना जे सुचलं नाही, ते ज्यांच्या हातात हत्यार होतं त्यांनी केलं. "आमचा हात यासाठी नाही" म्हणाले. मला वाटतं, मुलाच्या हातात पातं देताना हा इतिहास त्याला सांगायलाच हवा. पातं कशासाठी उचलायचं नाही, हेही त्याला कळलं पाहिजे.

आपल्या आगमातही एक न्हावी आहे, तुमच्या लक्षात आहे का? ज्ञाताधर्मकथांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनातला मेघकुमार आपल्याला आठवतो तो हत्तीच्या भवामुळे, सशासाठी पाय उचलून धरणारा. पण त्याच कथेत मेघकुमाराच्या दीक्षेच्या वेळी श्रेणिक राजा न्हाव्याला बोलावतो. न्हावी सुगंधी पाण्याने हात-पाय धुतो, पांढऱ्या कापडाच्या घडीने तोंड बांधतो आणि चार अंगुळं राखून बाकीचे केस कापतो. ते कापलेले केस आई धारिणी पांढऱ्या वस्त्रात झेलते, धुते आणि डबीत जपून ठेवते, सणावाराला मुलाचं तेवढंच दर्शन म्हणून. राखलेल्या केसांचा लोच मेघकुमार स्वतःच्या हाताने करतो. साधू-साध्वींना वस्तरा नाही, न्हावी नाही, कोणावर अवलंबून राहणं नाही. आपण गृहस्थ, आपल्याला वस्तऱ्याची मुभा आहे. पण मुभेबरोबर यतना येते, म्हणजे प्रत्येक हालचालीत दुसऱ्या जिवाची सावधगिरी.

आता आजोबांच्या पितळी रेझरकडे येते. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाचे एक फिरते विक्रेते होते. बाटलीचं बूच एकदा वापरून फेकतात, मग गिऱ्हाईक पुन्हा घ्यायला येतं, हे त्यांनी धंद्यात पाहिलेलं. तसंच ब्लेड का नको, असा त्यांचा विचार. कागदासारखं पातळ पोलाद पाणी देऊन धारदार करणं कोणाला जमेना. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते जमवलं. कंपनी १९०१ साली निघाली. १९०३ मध्ये विक्री किती? ५१ रेझर आणि १६८ ब्लेड! पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांच्या घरात गेला आणि नोव्हेंबर १९०४ मध्ये पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी ६० लाख ब्लेड मागवले. विषारी वायूचा मुखवटा दाढीवर नीट बसत नाही, हेही त्यामागचं एक कारण. युद्धावरून लाखो तरुण घरी परतले ते स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊन. ती सवय मग जगभर पसरली.

मी बी.कॉम. झाले तेव्हा "रेझर स्वस्तात द्या आणि ब्लेडवर कमवा" ही जिलेटची युक्ती म्हणून ऐकलं होतं. आता वाचलं तर हिशेब उलटा निघाला. पेटंट होतं तोवर जिलेटचं रेझर पाच डॉलरला, म्हणजे चांगलंच महाग होतं. १९२१ साली पेटंटची मुदत संपली, स्पर्धक आले, तेव्हा कुठे किंमत उतरली. गिऱ्हाइकाला स्वस्ताई बहुधा कोणाच्या उदारपणामुळे मिळत नाही, स्पर्धेमुळे मिळते.

या रेझरने एक मोठं काम केलं. गावाच्या मर्जीशिवाय, कोणाच्या "हो-नाही"शिवाय, कुठल्याही माणसाला स्वतःचा चेहरा स्वच्छ करता आला. आपल्याकडे सुरुवातीला ब्लेड परदेशातून यायची. पुढे इथेच होऊ लागली. आपल्या शेजारी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये सुपरमॅक्सचा मोठा कारखाना होता. आपल्या आया जुन्या ब्लेडने शिवण उसवायच्या, पेन्सिलींना टोक काढायच्या, ते आठवतंय ना? नंतर टीव्हीवर कपिल देव यांची शेव्हिंग क्रीमची जाहिरात आली, मग दोन-तीन पात्यांची कार्ट्रिज आली. २०१० साली जिलेटने खास भारतासाठी गार्ड हे एका पात्याचं रेझर काढलं, १५ रुपयांना, आणि त्याचं कार्ट्रिज ५ रुपयांना. त्याआधी त्यांनी आपल्या माणसांच्या घरी जाऊन दाढी कशी करतात ते पाहिलं. वाहत्या नळाखाली रेझर धुणाऱ्यांना तोवर सुचलंच नव्हतं, की इथला माणूस मगभर पाण्यात दाढी उरकतो आणि त्या पाण्यात त्यांचं रेझर केसांनी तुंबतं. आपलं मगभर पाणी त्यांना अडचण वाटलं. अप्कायाच्या जिवांचा विचार करणाऱ्या घराला ते भूषणच वाटेल!

आता तो ब्रश. चांगल्या दाढीच्या ब्रशला पूर्वीपासून डुकराचे राठ केस किंवा बॅजर नावाच्या प्राण्याचे मऊ केस वापरतात, काही वेळा घोड्याचेही. पहिल्या महायुद्धात घोड्याच्या केसांच्या स्वस्त ब्रशांतून अँथ्रॅक्सचा रोग सैनिकांना झाला, माणसं दगावली. शेवटी १९२० साली ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली. नायलॉनचे तंतू बाजारात आले ते १९३८ साली, तेही आधी दात घासायच्या ब्रशात. म्हणजे त्याआधीचा ब्रश म्हटला की बहुतेक प्राण्याचाच.

सासऱ्यांच्या ब्रशचा एक केस मी चिमट्यात धरून दिव्यावर जाळून पाहिला. नायलॉन असतं तर वितळून त्याचा मणी झाला असता. इथे केस जळाल्याचा वास आला आणि बोटांत राख उरली. ह्यांना दाखवलं. चाळीस वर्षं रोज सकाळी तोच ब्रश गालावर फिरवलेला माणूस. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला कोणी सांगितलंच नाही गं." ब्रश वडिलांची आठवण म्हणून कपाटात राहिला. वापरायला नायलॉनचा नवा आणला. फेसात काही कमी पडत नाही, हे ह्यांनीच कबूल केलं.

साबणाचंही तसंच. साबणात प्राण्यांची चरबी घालायची जुनी पद्धत होती. मुंबईच्या अर्देशीर गोदरेज यांनी १९१८च्या सुमारास वनस्पती तेलाचा "चावी" साबण काढला, तो चरबी न चालणाऱ्या घरांसाठी वरदानच ठरला. आजही वेष्टन वाचून घ्या: "सोडियम टॅलोएट" लिहिलं असेल तर ती चरबी, "सोडियम पामेट" म्हणजे पामतेल. हिरवा ठिपका पाहा. चामड्याच्या पट्ट्याचा प्रश्न बदलत्या ब्लेडने आपोआप सुटला. म्हणजे जुनं ते सगळं आपलं आणि नवं ते सगळं परकं, असं काही नाही. आम्ही रेझर जुनं ठेवलं, ब्रश नवा घेतला, आणि तुरटीचा खडा आपल्या पूर्वापार चालत आलेला.

शिकवणी अशी झाली. ह्यांनी खुर्चीत बसून सांगायचं आणि मी हातात धरून दाखवायचं. पहिले दोन दिवस रेझरमध्ये ब्लेडच नव्हतं, नुसता फेस काढायचा सराव. तिसऱ्या दिवशी ब्लेड घातलं, पण फुगवलेल्या फुग्याला साबण लावून त्याच्यावर. दोन फुगे फुटले, तिसरा टिकला. मग गाल. अंघोळीनंतर करायची, म्हणजे केस मऊ असतात. पेलाभर कोमट, गाळलेलं पाणी पुरतं. ब्रश गोल फिरवून फेस करायचा. रेझर गालाशी साधारण ३० अंशांत तिरकं धरायचं आणि दाबायचं अजिबात नाही. पितळेचं वजन आपलं काम करतं. कातडी दुसऱ्या हाताने ताणायची, केसांच्या दिशेनेच, छोटे छोटे हात. पुळीला वळसा घालायचा. शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. हनुवटीखाली एकदा टोचलंच, तिथे तुरटीने रक्त लगेच थांबलं. सूनबाई दाराआडून बघत होती, तिचा जीव भांड्यात पडला.

खर्चाचंही सांगते, ती सवय जात नाही. साधं ब्लेड दोन ते पाच रुपयांच्या आसपास मिळतं, नामांकित कार्ट्रिज शंभरावर जातं. शिवाय कार्ट्रिजचं प्लॅस्टिक कचऱ्यात पडतं, ब्लेड नुसतं पोलाद.

पण हे पोलाद कचऱ्यात सुटं टाकायचं नाही. आमच्या सोसायटीचा कचरा वेगळा करणाऱ्या ताई उघड्या हातांनी पिशव्या उलगडतात. म्हणून एका रिकाम्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला मी बारीक चीर पाडून घेतली. वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून त्या चिरेतून आत. डबा भरायला काही वर्षं लागतील. भरला की झाकण पक्कं बंद करून, वर लिहून भंगारवाल्याच्या हाती द्यायचा. नातवाला मी सांगितलं, दाढी नीट झाली की नाही हे आरसा सांगेल, पण ती यतनेने झाली की नाही, हे त्या ताईंचे हात सांगतील.

त्याचा हात आता बसला आहे. गेले दोन महिने रविवारी तो आजोबांचीही दाढी करून देतो. ह्यांची मान कधी कधी हलते, म्हणून एक हात हनुवटीखाली धरतो आणि थरथर थांबेपर्यंत रेझर उचलून वाट बघतो. घाई करत नाही. आपण त्याला वैयावच्च म्हणतो, वडीलधाऱ्यांची, आजाऱ्यांची सेवा. सहा आभ्यंतर तपांपैकी एक. तो शब्द त्याला पाठशाळेत शिकवला होता, तेव्हा त्याने पाठ केला आणि विसरला. आता विसरणार नाही, असं वाटतं.

तुमच्या घरातही मिसरूड फुटलेला कोणी असेल, तर "बाबांना विचार" म्हणायच्या आधी एकदा ब्रशचा केस जाळून बघा, आणि झाकणाला चीर पाडलेला एक डबा तयार ठेवा.